देव सुटल्यानंतर

2011 च्या जनगणनेत देशातल्या 28 लाखांहून अधिक लोकांच्या नावापुढे धर्माची नोंद नाही. हे सगळे नास्तिक होते असे नव्हे. कुणी सांगायचे टाळले असेल, कुणाला धड विचारलेही नसेल. उलट, मनातून देव केव्हाच गेला असूनही रकान्यात जन्माचा धर्म लिहून मोकळे झालेले कितीतरी असतील. आपला कोणताच धर्म नाही असे म्हणण्याचा नागरिकाला अधिकार आहे आणि सरकार त्याच्यावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. कायद्यापुरता प्रश्न मिटला. घरातला प्रश्न मात्र राहतो. श्रद्धा सुटली की माणसाच्या जगण्यात काय बदलते, आणि हाती काय उरते?

आधी जमेची बाजू पाहू. सर्वांत आधी जाते ती भीती. साडेसाती, अमावास्या, पत्रिकेतला मंगळ, मोडलेले व्रत यांचा धाक संपतो. बाईच्या वाट्याला ही सुटका अधिक येते. पाळीच्या दिवसांत देवघराची शिवाशिव, नवरा गेल्यावर हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून गळलेले नाव, हे सारे दैवी आज्ञेतून आले नसून माणसांनीच घालून दिले आहे, हे एकदा कळले की त्याविरुद्ध बोलता येते. जबाबदारीही वाढते. वर बसून कुणी पाप-पुण्य लिहीत नाही म्हटल्यावर स्वतःलाच हिशेब ठेवावा लागतो. ज्याचे नुकसान केले त्याची क्षमा त्याच्याकडेच मागावी लागते. गोदावरीत बुडी मारून भागत नाही.

आता दुसरी बाजू. तिची खरी कसोटी दहाव्याला लागते. नदीकाठी भाताचे पिंड मांडलेले असतात. समोरच्या झाडावर कावळे बसून असतात, पण खाली उतरत नाहीत. कुणीतरी हळूच म्हणते, ‘काहीतरी इच्छा राहिली असेल हो.’ मग थोरला मुलगा हात जोडून म्हणतो, ‘आई, धाकटीचं सगळं मी बघीन. काळजी करू नकोस.’ कावळा शिवतो तो भुकेपोटी, हे तिथल्या नास्तिकाला ठाऊक असते आणि बऱ्याच आस्तिकांनाही. पण चार नातेवाइकांदेखत भावाने बहिणीची जबाबदारी घेतली, हे काही खोटे नसते. विधी नाकारणाऱ्याला हा शब्द देण्यासाठी, रडण्यासाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी डबा घेऊन घरी येण्यासाठी दुसरी जागा शोधावी लागते. ती आयती मिळत नाही.

आपल्याकडच्या जाणत्या माणसांनी ही गरज ओळखली होती. जोतीराव फुले निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत. ते नास्तिक नव्हते. तरीही 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढल्यावर लग्नातून पुरोहित वगळून ते थांबले नाहीत. वधूवरांना आपापल्या तोंडाने एकमेकांना वचन देता येईल असा विवाहविधी त्यांनी तयार केला. ‘परमेश्वराला रिटायर करा’ म्हणणाऱ्या अभिनेते डॉ. श्रीराम लागूंवर तरुण मुलाच्या मृत्यूचा घाव बसला. त्या मुलाच्या नावाने रंगकर्मींना तन्वीर सन्मान दिला जाऊ लागला. श्राद्ध न करताही आठवण जागी ठेवता येते, ती अशी. पण हे मोठ्या माणसांना जमले. एखाद्या तालुक्याच्या गावात एकट्याच नास्तिक असलेल्या शिक्षकाने काय करावे, याचे तयार उत्तर अजून नाही. वारीत, भजनी मंडळात, गावच्या जत्रेत जी ऊठबस होते तिला तोडीस तोड असे विवेकवाद्यांनी फारसे उभे केलेले नाही, हे मान्य करायला हवे.

आणखी एक भ्रम दूर करायला हवा. देव गेला म्हणजे विवेक आला, असे होत नाही. सत्यनारायणाची टिंगल करणारा गृहस्थ मुलीने दुसऱ्या जातीतला मुलगा निवडला की घरात अबोला धरतो. देव सोडणे त्याला सोपे गेले, जात सोडणे जड गेले. काहींच्या बाबतीत श्रद्धेची जागा तुच्छता घेते. देवापुढे हात जोडणारी आई त्यांना अडाणी वाटू लागते. अशांनी समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर आठवावेत. सनातन्यांनी पुण्यात ज्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ते आगरकर पत्नी यशोदाबाईंच्या देवधर्माच्या आड आले नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि लागू एकाच व्यासपीठावर बसून जाहीर मतभेद मांडत. लागूंचा रोख देवाच्या कल्पनेवर असे, दाभोलकरांचा देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणावर. त्यासाठी दोघांना एकमेकांशी भांडावे लागले नाही.

श्रद्धावान घरांनीही थोडे मागे सरकायला हवे. ‘आमच्या समाधानासाठी एकदा पाटावर बस’ या आग्रहाला एकदा मान दिला तर फारसे बिघडत नाही. जन्मभर नाटक करायला लावणे हा मात्र अन्याय आहे. आरती न म्हणणारी सून प्रसादाच्या पंगतीत मनापासून वाढत असेल, तर तिचे घराशी नाते तुटलेले नाही, एवढे ओळखावे.

आमचे मत असे : श्रद्धा सोडणे हा नफ्याचा सौदा ठरू शकतो, पण तो फुकट होत नाही. भीती गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागी माणसे आणावी लागतात, नाहीतर तिथे एकटेपण येऊन बसते. म्हणून ज्यांनी देव सोडला त्यांनी घरच्यांशी बोलणे सोडू नये. आपल्यामागे कोणते विधी नकोत, शोकसभा हवी की नको, देहदान करायचे की नाही, हे धडधाकट असतानाच सांगावे आणि लिहून ठेवावे. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी ऐनवेळी रुग्णालयाला फोन घरच्यांनाच करावा लागतो.