हाफ क्लच आणि आपली समीक्षा

मराठी समीक्षेत 'अनुभव' हा शब्द जितका खर्ची पडला आहे तितका क्वचितच दुसरा कोणता पडला असेल. अनुभवविश्व, अनुभवाची सच्चाई, अनुभवाचे भाषिक रूप या शब्दांवाचून आपली एकही प्रस्तावना पुरी होत नाही. परंतु कोणता अनुभव वाङ्मयाच्या उंबरठ्याआत घ्यायचा आणि कोणता बाहेर चपलांपाशी ठेवायचा, याचा निवाडा आपण लेखन वाचण्यापूर्वीच करून टाकलेला असतो, असा माझा आरोप आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच उभा असल्याने घडलेली गोष्ट सांगतो.

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गाला 'माझा एक अविस्मरणीय अनुभव' हा नेहमीचाच निबंध दिला होता. बहुतेकांनी पहिला पाऊस, आजीचा मृत्यू किंवा पंढरीची वारी लिहिली. एका मुलीने मात्र शंभर सीसीची मोटारसायकल शिकल्याचे लिहिले. भाऊ कामाला पुण्यास गेला, गाडी गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी राहिली, आणि दूध तर सकाळी सहाच्या आत फाट्यावरच्या संकलन केंद्रात पोचायला हवे. म्हणून ती शाळेच्या मैदानावर रोज उजाडताना गाडी शिकली. गाडी किती वेळा बंद पडली, तिने कशा उड्या मारल्या, किक मारून पाय कसा भरून आला, हे सारे त्यात होते. आणि एक वाक्य होते: 'क्लच सोडायचा नसतो, सुटू द्यायचा असतो.' मी त्याखाली तांबडी रेघ ओढली, समासात 'विषय किरकोळ, भाषा सैल' असा शेरा मारला आणि वीसपैकी सात गुण दिले.

पुढे दोन वर्षांनी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मला स्वतःला गाडी शिकावी लागली. तोवर एसटीवर भागत होते. सायकल येत होती, म्हणजे तोल येत होता. उरलेले सोपे असणार, असा माझा समज. प्रत्यक्षात सायकलने शिकवलेलेच आडवे आले. सायकलवर माणूस घाबरला की दोन्ही हात ब्रेक आवळतात. मोटारसायकलवर डावा हात आवळला की इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो, उजवा आवळला की पुढचे चाक जाम होते, आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली तसाच राहून जातो. मुरमावर मी असाच पडलो. दुसरी गोष्ट याहून विलक्षण. गाडी निसटू लागली की आपण मूठ घट्ट धरतो. आणि घट्ट धरलेली उजवी मूठ मनगटासह मागे वळून रेस वाढवते. ज्याचा आधार घ्यावा तेच पळू लागते. क्लच दाबून धरला तर गाडी जागची हलत नाही, एकदम सोडला तर झटका देऊन बंद पडते. ती चालू लागते ती मधल्या बोटभर जागेत, जिथे आतल्या तबकड्या घासत, निसटत एकमेकींना पकडत असतात. यालाच सगळा मराठवाडा 'हाफ क्लच' म्हणतो. ही जागा दुसऱ्याला दाखवता येत नाही, ज्याच्या त्याच्या हाताला सापडावी लागते.

त्या मैदानावर मला तिचे वाक्य आठवले. 'सोडणे' सकर्मक, 'सुटणे' अकर्मक, ही जोडी मी व्याकरणाच्या तासाला वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. कर्त्याने आपले कर्तेपण थोडे मागे घ्यावे, पण हात काढून घेऊ नये, ही अवस्था 'सुटू देणे' या संयुक्त क्रियापदात नेमकी उतरते. भाषेतली ही शक्यता एका अठरा वर्षांच्या मुलीने अचूक हेरली, आणि मराठीच्या प्राध्यापकाला ती सैल भाषा वाटली!

हा बहिरेपणा माझ्या एकट्याचा नाही. मर्ढेकरांच्या कवितेने यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट मांडली, ते तिचे श्रेय. परंतु त्यानंतर यंत्र दिसले की 'संवेदनेचे यांत्रिकीकरण' हे उत्तर लिहून मोकळे व्हायची आम्हाला सवय लागली. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत बैलगाडीला आम्ही संस्कृती म्हटले आणि मोटारसायकलला उडाणटप्पू पोराची खूण केले. चे गव्हेराची दैनंदिनी आणि रॉबर्ट पर्सिगचे १९७४ चे पुस्तक आमचे विद्यार्थी भक्तिभावाने वाचतात. त्यामुळे हजारो किलोमीटर गेल्याशिवाय मोटारसायकल वाङ्मयात येत नाही, असा ग्रह पक्का होतो. घरापासून फाट्यापर्यंतचे चार किलोमीटर कोणाच्या खिजगणतीत नाहीत.

वस्तुस्थिती काय आहे? हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली. त्याच साली मराठवाड्यातच, वाळूजला, बजाजचा कारखाना सुरू झाला. स्प्लेंडर १९९४ ची. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि लातूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. लोहा, अहमदपूर, चाकूर पट्ट्यातल्या खेड्यांतून शिकायला येणाऱ्या पिढीला या दोन गोष्टी जवळजवळ एकदमच मिळाल्या. पैकी एकीवर आम्ही चर्चासत्रे घेतो, दुसरी महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर लावून या म्हणतो.

कोणी म्हणेल, गाडी शिकणे हे निव्वळ हातापायांचे काम; त्याचा काव्यशास्त्राशी काय संबंध? मग भरताचे नाट्यशास्त्र मिटून ठेवा. त्यात पायांच्या हालचालींना 'चारी' म्हटले आहे. सोळा भौमी आणि सोळा आकाशिकी अशी त्यांची नावानिशी मोजदाद आहे. हातांच्या मुद्रांचे प्रकरण वेगळेच. शरीराला येणाऱ्या ज्ञानासाठी शब्द घडवणे हे शास्त्राचे काम आहे, हे भरताला मान्य होते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत कोणताच विषय आपल्या अंगणाबाहेरचा मानला नाही. त्यांच्या गावात बसून आम्ही विषयांची सोवळी पाळतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: रस्त्यांवर कोवळी पोरे मरत असताना गाडीचे कौतुक कशाला? माझे म्हणणे नेमके उलट्या बाजूचे आहे. कौतुक वेगाचे चालू आहेच; शिकण्याचे कोणीच करत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालवू देतो, त्यापुढच्या गाडीला अठरा वर्षे पुरी लागतात. पन्नास सीसीची पेट्रोलवरची लूना इतिहासजमा झाली, कायद्यातली पायरी कागदावर उरली. मुलाच्या हाती पहिलीच गाडी येते ती शंभर सीसीची, आणि शिकवणी म्हणजे मित्राने मागे बसून म्हटलेले 'होतंय, सोड'. चुकणे, बंद पडणे, घाबरणे यांना शब्दच नसतील, तर नवशिका आपण नवशिके आहोत हे कबूल कसे करणार? गाडी येते असे भासवण्यावाचून त्याला दुसरा मार्गच राहत नाही. चौकाचौकांत श्रद्धांजलीचे जे फलक लागतात, त्यांतल्या काहींच्या मागे हे भासवणेही असते.

शिकत असण्याच्या अवस्थेला प्रतिष्ठा देणे हे शिक्षणसंस्थेचे पहिले काम, आणि तिला भाषा देणे हे भाषा विभागाचे. यासाठी अभ्यास मंडळाच्या ठरावाची गरज नाही. यंदा निबंधाला 'मी एक गोष्ट शिकलो, तेव्हा कुठे चुकलो' एवढाच विषय द्यावा. क्लच, किक, रिझर्व्ह हे शब्द आले तर लाल शाई आवरावी, आणि क्रियापदांकडे लक्ष द्यावे.

त्या मुलीचे सात गुण आता बदलता येत नाहीत. निकाल लागून गेला, आणि ती पुढे काय शिकली ते मी कधी विचारले नाही. या सत्राच्या निबंधांचा गठ्ठा मात्र टेबलावर आहे, अजून सोडलेला नाही.