कोडे सुटले, हे कशावरून?

सुट्टी लागली की घरोघरी मोबाइलवर एक खेळ रंगतो. एक कोडे सोडवायचे, उत्तर टाइप केले की पुढचे पान उघडते, तिथे दुसरे कोडे. अशी दहा-पंधरा दारे ओलांडली की खजिना! याला 'ऑनलाइन ट्रेझर हंट' म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या दाराशी मुले अडतात आणि उत्तर गूगलवर शोधू लागतात. पण कोडे घालणाऱ्याने ते बहुधा समोरच्या शब्दांतच लपवलेले असते. ते बाहेर काढण्याच्या चार युक्त्या आम्ही इथे देत आहोत. अब्बा-अम्मी, दादी, मुले अशा सर्वांनी मिळून त्या करून पाहाव्यात.

पहिली युक्ती : अर्थ बाजूला ठेवा, अक्षरे पाहा. आम्ही जुळवलेल्या या पाच ओळी वाचा.

दौडत आली सांज घरी,
लपली चिमणी झाडावरी,
तारा चमके दूर जरी,
बाग झोपली क्षणभरी,
दवबिंदूंच्या झरल्या सरी.

संध्याकाळचे वर्णन म्हणून आपण वाचतो आणि पुढे जातो. आता प्रत्येक ओळीचे फक्त पहिले अक्षर घ्या : दौलताबाद. ओळी मुद्दाम तोडलेल्या दिसल्या किंवा एखादा शब्द ओढूनताणून बसवलेला वाटला, की सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे आधी तपासावीत.

दुसरी युक्ती : खुणेचे शब्द ओळखा. 'मागे फिरलेली नदी गरीब झाली' या वाक्यात 'मागे फिरलेली' ही खूण आहे. 'नदी' उलटी वाचली की 'दीन', म्हणजेच गरीब. उलट, परत, आरसा हे शब्द आले तर उलटे वाचा. गोंधळ, विस्कटले, मोडले असे शब्द आले तर अक्षरांची जागा बदलून पाहा. मराठीत काना-मात्रा आपल्या अक्षराबरोबरच फिरते, हे विसरू नका.

तिसरी युक्ती : एका शब्दाचे दुसरे अर्थ आठवा. 'फांदीवर हलते, पुस्तकात उलटते, पंगतीत वाढले जाते.' कोणी घाईने 'पक्षी' म्हणेल. पण 'हलते' हे रूप 'तो' साठी येत नाही, म्हणजे पक्षी बाद. 'वाढले जाते' म्हणजे उत्तर 'ते' असणार. उत्तर आहे 'पान'. मराठीत क्रियापदच अर्धे उत्तर सांगून जाते. इथे घरातील वडीलधाऱ्यांचा मोठा उपयोग होतो. एका शब्दाचे चार अर्थ दादीला जितके चटकन आठवतात, तितके मुलांना आठवत नाहीत.

चौथी युक्ती : मोजणी करा. मजकूर अनोळखी चिन्हांत असेल, तर कोणते चिन्ह किती वेळा आले ते मोजावे. नवव्या शतकात बगदादचे विद्वान अल-किंदी यांनी ही रीत लिहून ठेवली. तिचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने वर्णन त्यांचेच मानले जाते. प्रत्येक भाषेत काही अक्षरे इतरांपेक्षा जास्त येतात. अरबीत अलिफ आणि लाम, इंग्रजीत ई. सर्वाधिक वेळा आलेले चिन्ह त्या अक्षराच्या जागी धरून सुरुवात करावी. मजकूर जितका लांब, तितकी ही रीत भरवशाची. दोन-चार शब्दांवर ती चालत नाही.

उत्तर सापडल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू होते. सापडलेले उत्तर कोड्यातील प्रत्येक शब्दाला लागू पडते का? चारपैकी तीन खुणा जुळल्या आणि चौथी आपण ओढून जुळवली, तर उत्तर चुकले असे समजावे.

ही सवय नसेल तर खेळ जिवावर बेततो. अमेरिकेतील कलावस्तूंचे व्यापारी फॉरेस्ट फेन यांनी सोने-जवाहिराची पेटी रॉकी पर्वतात लपवली आणि २०१० मध्ये तिचा पत्ता २४ ओळींच्या कवितेत दिला. इंटरनेटवर हजारो लोक त्या ओळींचा अर्थ लावू लागले. पेटी लपवली तेव्हा फेन ऐंशीच्या घरात होते. म्हातारा माणूस जाऊ शकणार नाही तिथे शोधू नका, असे त्यांनी बजावलेही होते. ही सर्वांत सोपी खूण होती. तरीही आपलेच उत्तर बरोबर, या खात्रीने काही जण नद्यांत आणि कड्यांवर गेले. या शोधात किमान पाच जणांचे प्राण गेले. पेटी २०२० मध्ये वायोमिंग राज्यात सापडली.

आपल्या घरात धोका वेगळ्या रूपात येतो. 'तुम्ही कोडे जिंकलात, बक्षिसासाठी ओटीपी सांगा' किंवा 'आधी थोडी रक्कम भरा', असा निरोप आला की खेळ तिथेच थांबवावा. कोडे सोडवायला डोके लागते, बँकेचा ओटीपी लागत नाही. उत्तराला विचारतो तोच प्रश्न अशा बक्षिसालाही विचारावा : हे खरे, हे कशावरून? मुलांना हे सांगायला कोड्याइतकी चांगली संधी दुसरी नाही.

आता या महिन्याचे कोडे : 'उलटलेला रस वर्गात शिकवतो.' उत्तर दोन अक्षरी आहे. प्रत्येक शब्द तपासूनच उत्तर ठरवा. आमचे उत्तर पुढील अंकात.