अंदमानांतील न पाहिलेलें अंदमान

षोडश संस्कारांत ज्याची गणना नाहीं असा एक सतरावा संस्कार अलीकडे आमच्या आप्तवर्गांत रूढ झाला आहे. तो म्हणजे विवाहानंतर अंदमानास जाऊन येणें. आमचा पुण्याचा पुतण्या व सूनबाई अशींच जाऊन आलीं. त्यांच्या छायाचित्रांत पांढरी वाळू, निळें पाणी व झाडांच्या रांगा यांखेरीज कांहीं दिसेना, म्हणून आम्हीं विचारलें, "अरे, व्हायपर बेट पाहिलेंस का?" तो म्हणाला, "काका, सेल्युलर तुरुंग पाहिला, हॅवलॉक पाहिलें. व्हायपरचें नांव कोणी काढलेंच नाहीं." पुढल्या माघांत त्यानेंच हट्ट धरून आम्हांस तिकडे नेलें, आणि ज्या आटपाडीस उन्हाळ्यांत घागरभर पाण्याची चिंता, तेथील माणूस आठ दिवस चहूंकडे पाणीच पाणी पाहत हिंडला.

अंदमान म्हटलें कीं आपणां मराठी लोकांच्या मनांत सावरकर बंधु व तो तुरुंग एवढेंच येतें. तें स्वाभाविक आहे. तात्याराव तेथें १९११ पासून १९२१ पर्यंत होते व बाबाराव त्यांच्याही आधीं जाऊन पोहोंचले होते. परंतु त्या तुरुंगाच्या बांधकामास आरंभ झाला १८९६ सालीं व तें पुरें झालें १९०६ सालीं. कैद्यांची पहिली तुकडी, दोनशें माणसें, मात्र तेथें उतरली ती १० मार्च १८५८ रोजीं. म्हणजे काळें पाणी अर्धशतकाइतकें जुनें झालें तेव्हां कोठें तो तुरुंग उभा राहिला. त्या आधींच्या काळाच्या खुणा शोधावयाच्या तर बंदरांतील लहान बेटांकडे व पलीकडच्या टेकडीकडे वळावें लागतें, आणि प्रवासी नेमके तेथेंच वळत नाहींत.

पोर्ट ब्लेअर शहराला २०२४ पासून श्री विजयपुरम असें नांव आहे. तेथून होडीनें व्हायपरास जातां येतें. व्हायपर म्हणजे विषारी सर्प हें कळल्यावर सूनबाई होडींतून उतरेनात. हें नांव एका जहाजाचें, सापाचें नव्हे, असें सांगून त्यांची समजूत घालावी लागली. बेट अगदीं लहान आहे. सेल्युलर तुरुंगाच्या पूर्वीं येथें सांखळदंडांत जखडलेल्या कैद्यांना ठेवीत. टेकडीच्या माथ्यावर विटांची एक वास्तु उभी आहे. दुरून पाहणाऱ्यास एखाद्या समाधीवरील छत्रीच वाटावी. ती फांसाची जागा.

याच बेटावर ११ मार्च १८७२ रोजीं शेरअली या पठाणास फांशीं दिलें. आप्ताच्या खुनाबद्दल त्याला पेशावरांत झालेली देहान्त शिक्षा बदलून काळ्या पाण्यावर पाठविलें होतें. तेथें वर्तन चांगलें म्हणून त्याला मोकळें फिरूं देत व न्हाव्याचें काम करूं देत. ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हे माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त पाहून खालीं होपटाउनच्या धक्क्यावर आले, तेव्हां अंधारांतून धांवत येऊन त्यानें त्यांना सुऱ्यानें भोंसकलें. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय मारला गेला ती ही एवढीच वेळ. त्या टेकडीला २०२१ पासून माउंट मणिपूर म्हणतात, कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र व त्यांचे सहकारी यांना तेथें कैदेंत ठेविलें होतें. वाचकांच्या कपाटांत जुनी लाल वीस रुपयांची नोट असेल तर तिच्या पाठीवरील देखावा पाहावा. तो याच परिसरांतला.

रॉस बेटाचें वर्णन आतां सर्वत्र आढळतें, म्हणून तें टाळतों. ॲबर्डीनच्या लढाईचें स्मारक मात्र अवश्य पाहावें. १८५९ च्या मे महिन्यांत मूळच्या अंदमानी लोकांनीं धनुष्यबाणांनिशीं या वसाहतीवर चाल केली. पण त्यांच्यांत वर्षभर राहिलेल्या दूधनाथ तिवारी नांवाच्या पळपुट्या कैद्यानें परत येऊन आधींच वर्दी दिली होती. स्मारकाजवळ उभें राहिल्यावर या दूधनाथाविषयीं काय वाटावें तें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

या वसाहतीला प्रारंभीं समुद्र हीच भिंत होती, आणि भिंत ओलांडूं पाहणाऱ्यास क्षमा नव्हती. पहिल्याच वर्षीं पळून परत सांपडलेल्या ऐंशींहून अधिक कैद्यांना अधीक्षक वॉकर यानें फांशीं दिलें. पुढें धोरण कांहींसें पालटलें. बरीच वर्षें नीट वागलेल्या कैद्यास जमीन मिळे, स्त्री-कैद्यांशीं विवाह करतां येई. त्यांची संतति तेथें 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखली जाते. तिची बोली हिंदुस्थानी. जातिनिर्बंधांचें काय झालें, असें घरीं आल्यावर वहिनींनीं विचारलें. ते पुष्कळसे गळून पडले असें सांगतांच त्या गप्प झाल्या, आणि थोड्या वेळानें म्हणाल्या, "मग मुलांचीं लग्नें तरी लौकर जमत असतील."

व्हायपरच्या टेकडीवर आम्हांस राहून राहून आठवत होतें तें आमच्याच शिवेवरचें स्वतंत्रपूर. आटपाडी तेव्हां औंध संस्थानांत होती. १९३९ सालीं श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यांत, मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या कल्पनेनुसार, तेथें कैद्यांची वसाहत वसविली गेली. समुद्र नाहीं, तट नाहीं. कैद्यानें बायकामुलांसह राहावें व शेती करावी. यावरूनच १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे शेजारच्या माडगूळचीच. शेरअलीवर टाकलेल्या विश्वासाचें काय झालें हें ठाऊक असूनही औंधच्या राजानें तो खुन्यांवर पुन्हां टाकून पाहिला, याचें आम्हांस त्या फांसाच्या वास्तूपुढें फार नवल वाटलें. हें सारें आम्हीं पुतण्यास तेथेंच सांगितलें. विमानानें दोन वेळां अंदमान पाहिलेल्या या गृहस्थानें स्वतंत्रपूर मात्र कधीं पाहिलें नव्हतें.

परतल्यावर आम्हांस आटपाडीस पोहोंचवून पुण्यास निघण्यापूर्वीं त्यानें मोटार तिकडे घेतली. रस्त्याच्या कडेस ती थांबवून, इकडेतिकडे पाहून तो म्हणाला, "काका, तुरुंग कोठें आहे?"

आम्हीं समोरच्या शेताकडे बोट दाखविलें.