चारचे वर्गमूळ आणि पदवीचा पाया

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये गणितासह नऊ विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांचे मसुदे सूचना-हरकतींसाठी प्रसिद्ध केले आणि गणिताच्या मसुद्यावर देशभरातून टीकेची झोड उठली. ९०० हून अधिक गणितज्ञ व संशोधकांनी तो मागे घेण्याची लेखी मागणी केली. बीजगणित आणि वास्तव विश्लेषण या गाभ्याच्या विषयांना पुरेसा अवकाश नाही, उपयोजित गणिताची उपेक्षा झाली आहे, हे त्यांचे आक्षेप रास्तच होते. परंतु या वादात चर्चा झाली ती मुख्यतः यादीची. कोणता विषय आत आणि कोणता बाहेर, यावर शाई आटली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षा कशाची धरायची आणि ती कोणत्या नियमांनी पारखायची, हा प्रश्न जवळपास अस्पर्श राहिला. पदवीच्या गणिताची पडझड मात्र तेथूनच सुरू होते.

संच, संबंध, फलने, तर्कशास्त्र, गणिती विगमन आणि सिद्धतेच्या पद्धती एवढाच ऐवज असलेला पायाभूत अभ्यासक्रम निरनिराळ्या नावांनी देशातील बहुतेक विद्यापीठांत शिकवला जातो. त्याचा आशय मोजका आहे. हेतू मोठा आहे. शालेय गणितात उत्तर जुळले की काम संपते. येथे उत्तर आधीच छापलेले असते आणि ते खरे का, हे सांगण्यापासून कामाला आरंभ होतो. ‘प्रत्येक विद्यार्थ्याला कोणीतरी शिक्षक आहे’ आणि ‘कोणीतरी एक शिक्षक प्रत्येक विद्यार्थ्याला आहे’ या दोन विधानांतील अंतर ज्याला पहिल्या सत्रात उमगत नाही, त्याला पुढे सातत्य आणि एकसमान सातत्य यांतील भेदही केवळ पाठच करावा लागतो.

या अभ्यासक्रमाची आजची अवस्था जोखायला एकच प्रश्न पुरतो. दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे, ही सिद्धता बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. वर्गमूळ अतिसंक्षिप्त अपूर्णांकात मांडले, तर अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट येतो. म्हणून अंश सम, म्हणून छेदही सम, आणि ही विसंगती. आता त्याच विद्यार्थ्याला हीच सिद्धता चारच्या वर्गमुळासाठी लिहायला सांगावी. अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या चौपट, म्हणून अंशाला चारने भाग जातो, म्हणून छेदालाही, म्हणून चारचे वर्गमूळ अपरिमेय! लेखणी कोठेही अडखळत नाही. चारचे वर्गमूळ दोन आहे, हे भान शेवटच्या ओळीनंतर आले तरी चूक कोठे झाली हे सापडत नाही. ती दुसऱ्याच पायरीवर आहे. सहाच्या वर्गाला, म्हणजे ३६ ला, चारने भाग जातो. सहाला जात नाही. दोन ही मूळ संख्या आहे आणि चार नाही, या एका गोष्टीवर सारी सिद्धता उभी होती. पाठांतरात नेमकी तीच निसटली.

दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे आहे, पण विद्यार्थी नियमांप्रमाणेच वागतो. ७५ टक्के उपस्थितीचा दंडक त्याने बाकावर बसावे एवढेच मागतो. अंतर्गत गुण वही वेळेवर दिल्याबद्दल मिळतात, मग ती वही कोणाच्या वहीवरून उतरवली आहे हे कोणी विचारीत नाही. सत्रान्त परीक्षेत ठरावीक दहा-बारा प्रमेये आलटून पालटून येतात आणि त्यांची तयार उत्तरे बाजारात मिळतात. त्यापुढच्या परीक्षांचेही वळण तेच. आयआयटीची प्रवेश परीक्षा २००६ पासून पूर्णतः वस्तुनिष्ठ झाली. पदव्युत्तर प्रवेशाची ‘जॅम’ आणि संशोधनाच्या वाटेवरची ‘नेट’ यांतही सलग सिद्धता लिहावी लागत नाही. म्हणजे बारावीपासून संशोधनाच्या उंबरठ्यापर्यंत एकही पूर्ण, निर्दोष सिद्धता स्वतः न लिहिता पोहोचता येते. याउलट भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट यांच्या पदवी प्रवेश परीक्षांत सविस्तर लेखी उत्तरांचा स्वतंत्र भाग असतो. सिद्धतेची पारख परीक्षेत करता येत नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

पायाभूत अभ्यासक्रमाचे नियम त्याच्या हेतूला साजेसे हवेत. दर आठवड्याला प्रत्येकाने एक सिद्धता लिहावी, शिक्षकाने ती शेरे मारून परत करावी, विद्यार्थ्याने ती पुन्हा लिहावी आणि गुण या दुसऱ्या खर्ड्याला मिळावेत. परीक्षेतील निम्मी विधाने तरी अपरिचित असावीत आणि त्यांतली काही खोटी असावीत. खरे असेल तर सिद्ध करा, खोटे असेल तर प्रतिउदाहरण द्या. ‘ही पायरी सुटली नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला अंशतः गुण मिळावेत आणि ‘हे उघड आहे’ असे म्हणून भगदाड झाकणाऱ्याचे कापले जावेत. चर्चा मुक्त असावी, लेखन एकट्याचे असावे, आणि मदत घेतली असल्यास तिची नोंद असावी. जुलै २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या सहापैकी पाच प्रश्न सोडवून सुवर्णपदकाइतके गुण मिळवले. घरून लिहून आणलेला कागद त्यानंतर एकट्याने पुरावा ठरू शकत नाही. सत्रात दोनदा दहा मिनिटे फळ्यापाशी उभे राहून स्वतःचीच सिद्धता समजावून सांगणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो संख्येचा. वर्गात शंभर विद्यार्थी आणि विभागात रिक्त पदे असताना एवढे तपासायचे कोणी? अडचण खरी आहे, आणि रिक्त पदे भरण्याची जबाबदारी शासनाची आहे. तरीही आठवड्याला माणशी एक पान हे काम डोंगराएवढे नव्हे. उतरवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यांवर आजही सह्या होतातच. दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांच्या कुवतीचा. त्याला १९९३ मध्येच उत्तर मिळाले आहे. प्रा. एस. कुमरेसन यांनी त्या वर्षी सुरू केलेल्या आणि राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पाठबळावर वाढलेल्या ‘एमटीटीएस’ या उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रमाने लहान गावांतील महाविद्यालयांच्या मुलांना प्रश्न विचारत, विचारायला लावत सिद्धता शिकवल्या. कुवत होतीच, मागणी करणारे कोणी नव्हते.

आणखी एक अडसर भाषेचा आहे. सिद्धता वाक्यांत लिहायची असते. मराठी, हिंदी किंवा तमिळ माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी वाक्य जुळत नाही म्हणून चिन्हे आणि बाण यांच्या आड लपतो, आणि तर्काची उणीव भाषेच्या उणिवेखाली दडते. पहिल्या सत्रात तरी सिद्धता मातृभाषेत लिहिण्याची मुभा द्यावी. ‘जर’ आणि ‘तर’ मराठीत सांभाळता आले की ते इंग्रजीतही सांभाळता येतात.

परंपरेचा गौरव करू पाहणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. ज्येष्ठदेवांच्या सोळाव्या शतकातील मल्याळम ‘युक्तिभाषा’ ग्रंथाची थोरवी त्यातील सूत्रांइतकीच त्यांच्या सविस्तर उपपत्तींत आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी त्याच शतकात ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, तीही नियम का चालतो हे सांगण्यासाठी. परंपरेतून सूत्रे उचलून उपपत्ती मागे ठेवणारा अभ्यासक्रम त्या परंपरेचाही नव्हे आणि आधुनिक गणिताचाही नव्हे.

मसुदे येतील, सुधारले जातील, कदाचित मागेही घेतले जातील. पण पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकेत चारचे वर्गमूळ बिनदिक्कत अपरिमेय ठरत असेल, आणि तपासणाऱ्याने ओळखीच्या ओळी पाहून त्याला पूर्ण गुण दिले असतील, तर यादीत कोणताही विषय घातला वा काढला तरी पदवी तेवढीच पोकळ राहील.