मोजा, पण पुरते मोजा!

जुना वाडा, जुनी छत्री, जुने दप्तर यांच्या डागडुजीसाठी पैसे मागायला गेले की आम्हा इंदूरकर मराठी मंडळींना एकच प्रश्न ऐकावा लागतो : "यातून उत्पन्न किती?" तिकिटांचा गल्ला मोजायचा, पहारेकऱ्याचा पगार वजा करायचा आणि तूट दिसली की वारसा म्हणजे पांढरा हत्ती! हा हिशेबच खोटा आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

आपल्याच शहराचे घ्या. होळकरांच्या राज्यात १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इंदुरात चित्रकलेची शाळा उभी केली. ना. श्री. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन त्यांच्याच हाताखाली शिकले. पुढे बेंद्र्यांनी बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकारांची नवी पिढी घडवली. शाळेच्या पहिल्या वर्षाच्या जमाखर्चात यातले काय दिसले असते? हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्राम यात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटी रुपयांना गेले. त्याआधी कित्येक वर्षे ते ओस्लोच्या एका इस्पितळात होते. चित्र तेच, रेषा त्याच. मग तेव्हा त्याचे मोल कमी होते काय? बाजारभाव म्हणजे गिऱ्हाईक उभे राहिले त्या दिवसाचा आकडा. ज्या शाळेत हात घडला, तिचे नाव त्या पावतीवर नसते.

महेश्वरचेही तेच. अहिल्यादेवींनी तिथे विणकर वसवले. किल्ल्याच्या दगडावरची नक्षी साडीच्या काठावर उतरली. मध्यंतरी मोडकळीला आलेल्या या धंद्याला १९७०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उभारी मिळाली. आज त्या मागांवर घरे चालतात. पण ही कमाई किल्ल्याच्या खात्यावर कोण मांडतो?

अर्थशास्त्रज्ञ यावर एक तोडगा सांगतात : लोकांना विचारा, ही वास्तू टिकावी म्हणून तुम्ही किती पैसे द्याल? तिकिटापेक्षा हे बरे, कारण कधीही न पाहिलेली वास्तू नातवंडांसाठी राहावी असे वाटणाराही त्यात मोजला जातो. पण उत्तर खिशाप्रमाणे येते. हातावर पोट असलेल्या विणकराने दहा रुपये सांगितले आणि बंगलेवाल्याने हजार, म्हणून विणकराची आस्था शंभरपट कमी ठरते काय?

सरकारला बोल लावताना आपल्याही घरात डोकावू या. आजोबांच्या पेटीतली मोडी कागदपत्रे रद्दीवाल्याला किलोच्या भावाने कोणी दिली? वाड्याचे मोल चौरस फुटांत कोणी सांगितले? आपणच! मग अधिकाऱ्याने तिकिटे मोजली तर राग कुणावर काढायचा?

आमची मागणी साधी आहे. कोणतीही जुनी वास्तू पाडण्याआधी तिच्यावर जगणाऱ्या माणसांची मोजदाद व्हावी : विणकर, गवंडी, फुलवाले, पुजारी, वाटाडे. एकदा पाडलेले पुन्हा बांधता येत नाही, ही तूटही हिशेबात धरावी. आणि आपल्यापैकी प्रत्येक घराने या दिवाळीपूर्वी घरातले कागद, चित्रे, वाद्ये यांची यादी करून मंडळाकडे द्यावी. ज्याची नोंदच नाही, त्याची किंमत शून्य लावणे फार सोपे असते.