माळवदावरील माती

दैवापुढें इलाज नाहीं, हें वाक्य आपल्या मराठवाड्यांत इतकें रुळलें आहे कीं, संकटाआधीं कांहीं करावें हा विचारच मनांत शिरत नाहीं. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली कारकुनींत गेली. गारपिटीचे, पुराचे पंचनामे पुष्कळ लिहिले. पंचनामा संकटानंतर निघतो. लोकांची समजूतहि तशीच झाली आहे, कीं पडल्यावर सरकार पाहील.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांवें झोपलीं असतां, पहांटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरांत भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत ७,५०० हून अधिक माणसें मेलीं. वर्षभर आधीं, १९९२ च्या ऑक्टोबरांत, किल्लारीस धक्के बसले होते. परंतु तत्कालीन सरकारी नकाशांत हा मुलूख सर्वांत कमी धोक्याचा होता. नकाशाच निर्धास्त, तेथें रयतेस बोल कोणी लावावा?

धरणी हलली खरी, पण जीव घेतले ते घरांनीं. दगड व चिखल यांच्या रुंद भिंती, त्यांचे आंतले-बाहेरचे थर एकमेकांस न बांधलेले. आणि माथ्यावर माळवद. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्यापूर्वीं त्यावर नवी माती टाकावयाची. आजोबांचा थर, त्यावर वडिलांचा, त्यावर आपला. आणि ह्या ओझ्याखालीं लेंकरें निजवावयाचीं!

ता. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडकडेहि जाणवला. आमच्या गांवीं सारे अंगणांत धांवले; सायंकाळीं पारावर बोलणें पुन्हां हरभऱ्याच्या भावाचें. आम्हीं मात्र दुसऱ्या दिवशीं स्वतःच्या माळवदांत सळई खुपसून पाहिली. माती हातभर भरली. तीस वर्षें लोकांस किल्लारीची गोष्ट सांगणाऱ्याच्या डोक्यावर हें ओझें! लाज वाटली.

कोणी म्हणेल, नव्या घरास पैसा कोठून आणावा? नवें घर बांधाच, असें आमचें म्हणणें नाहीं. जुनी माती उतरवावी. प्लास्टिकचा कागद अंथरून वर पातळ थर द्यावा, म्हणजे गळती थांबून भार हलका होतो. भिंतींत आरपार दगड बसवून दोन्ही थर जखडावे. खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे टेकू द्यावे. कामास जाणता गवंडी व सुतार लावावा. भिंत खिळखिळी असल्यास आधीं अभियंत्यास दाखवावी.

बियाणें पेरणीपूर्वीं पारखणाऱ्या शेतकरी बंधूंनीं घराचें छप्परहि पारखावें. यंदा माळवदावर नवी पाटी चढविण्यापूर्वीं जुनी माती किती आहे, एवढें तरी मोजावें, ही विनंति.