मोजून विणा : लोकरीचे पिवळे पिल्लू



क्रोशाचे काम म्हटले की दारावरचे तोरण किंवा टी.व्ही.वर घातलेला जाळीचा रुमाल डोळ्यांपुढे येतो. कामे सुरेख, पण शिकाऊ हाताने एकदम तोरण धरले तर ते अर्ध्यावर थांबते आणि पेटीच्या तळाशी जाऊन बसते. म्हणून या वेळी मुठीत मावेल असे काम घेऊ. कोंबडीचे पिवळे पिल्लू, सुमारे तीन इंच उंचीचे. अंग विणायला एकच टाका लागतो, तो म्हणजे मुका खांब. डोक्यापासून बुडापर्यंत असे ४३८ मुके खांब होतात. आकडा ऐकून दचकू नका. वीस फेऱ्यांत ते वाटले जातात आणि कुठल्याही फेरीत तीसपेक्षा जास्त नाहीत.

हाताला वळण हळूहळू लागेल, पण मोजण्याची सवय पहिल्या दिवसापासून हवी. ज्या बाईला साठपर्यंत बिनचूक मोजता येते तिला हे पिल्लू येणारच. प्रत्येक फेरी संपली की टाके मोजावेत आणि आकडा जुळला तरच पुढे जावे. या कामाचे सगळे गणित एवढेच.

साहित्य

पिवळी चौपदरी लोकर सुमारे २५ ग्रॅम, नारिंगी लोकरीचा लहान गुंडा, काळा भरतकामाचा दोरा, ३ मिलिमीटरची क्रोशाची सुई, लोकर ओवता येईल अशी मोठ्या नाकाची बोथट सुई, कात्री आणि भरायला जुन्या उशीतला धुऊन वाळवलेला फायबर. साधा कापूस भरू नये. धुतल्यावर त्याच्या गाठी होतात आणि तो आतून लवकर वाळत नाही. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा वीतभर तुकडाही जवळ ठेवावा, तो खुणेसाठी.

दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुधा ॲक्रिलिकची असते. या कामाला ती चांगली, फक्त तिला इस्त्री लावू नये. पहिल्या कामाला काळी किंवा गडद निळी लोकर घेऊ नये, दिव्याच्या उजेडात तिचे टाके दिसत नाहीत. पिवळ्या रंगात प्रत्येक टाका उठून दिसतो.

हात बसवण्यासाठी

लोकरीला सरकती गाठ मारून ती सुईवर घ्या. सुईला लोकरीचा वेढा देऊन ती गाठीतून ओढली की एक साखळी झाली. अशा वीस-पंचवीस साखळ्या घालून पाहा आणि उसवून टाका. त्या सारख्या दिसू लागल्या की पुढे जा.

मुका खांब असा : खालच्या टाक्याच्या वरच्या दोन्ही धाग्यांखालून सुई घाला, लोकर ओढून घ्या, सुईवर दोन फास होतील. पुन्हा लोकर घेऊन दोन्ही फासांतून एकदम ओढा.

वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब. घट म्हणजे दोन टाक्यांचा एक टाका करणे : पहिल्या टाक्यात सुई घालून लोकर ओढा, दुसऱ्या टाक्यातही तसेच करा, सुईवर तीन फास होतील, मग लोकर घेऊन तिन्हींतून एकदम ओढा.

फेऱ्या गोल गोल चालतात, मध्ये कुठे जोडायचे नाही. म्हणूनच खुणेचा दोरा हवा. प्रत्येक फेरीच्या पहिल्या खांबात तो अडकवावा आणि पुढची फेरी सुरू झाली की काढून नव्या पहिल्या खांबात घालावा. ही खूण नसेल तर फेरी कुठे संपली ते कळत नाही.

अंग : डोक्याकडून खाली

फेरी १ : दोन साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब. (६)
फेरी २ : प्रत्येक टाक्यात वाढ. (१२)
फेरी ३ : १ खांब, १ वाढ, असे सहा वेळा. (१८)
फेरी ४ : २ खांब, १ वाढ, असे सहा वेळा. (२४)
फेरी ५ ते ८ : प्रत्येक टाक्यात एक खांब. (२४)
फेरी ९ : २ खांब, १ घट, असे सहा वेळा. ही मान. (१८)
फेरी १० : २ खांब, १ वाढ, असे सहा वेळा. (२४)
फेरी ११ : ३ खांब, १ वाढ, असे सहा वेळा. (३०)
फेरी १२ ते १६ : प्रत्येक टाक्यात एक खांब. (३०)

कंसातला आकडा म्हणजे फेरी संपल्यावर असायला हवेत तेवढे टाके. वहीच्या पानावर एक ते वीस आकडे मांडून झालेल्या फेरीपुढे बरोबरची खूण करत जा. दूध उतू जायला आले, नळाला पाणी आले, मूल रडले, तर काम खाली ठेवून उठता येते आणि परत आल्यावर कुठे होतो ते वही सांगते. उठताना सुईवरचा फास थोडा ओढून मोठा करावा, म्हणजे तो निसटला तरी उसवत नाही.

चौथ्या-पाचव्या फेरीला वाटी तयार होते. तिच्या बाहेरच्या बाजूला टाक्यांची व्ही अक्षरासारखी नक्षी दिसली पाहिजे. ती आत गेली असेल तर वाटी उलटून घ्यावी.

सोळावी फेरी झाली की थांबा. चेहरा आत्ताच करायचा, कारण बूड उघडे असेपर्यंत दोऱ्याच्या गाठी आतल्या बाजूला मारता येतात. डोळे सहाव्या आणि सातव्या फेरीच्या मध्ये, दोन्हींत सहा टाक्यांचे अंतर ठेवून, काळ्या दोऱ्याने चार-पाच वेढ्यांत भरावेत. चोच डोळ्यांच्या मध्यावर, किंचित खाली, नारिंगी लोकरीचे पाच-सहा आडवे टाके एकावर एक घालून करावी. मग डोक्यात आणि मानेत फायबर बोटाने दाबून भरा. मानेत कमी भरला तर डोके लुळे पडते.

फेरी १७ : ३ खांब, १ घट, असे सहा वेळा. (२४)
फेरी १८ : २ खांब, १ घट, असे सहा वेळा. (१८)
आता पोटात फायबर भरा. घट्ट हवे, पण टाक्यांमधून पांढरे दिसेल इतके नको.
फेरी १९ : १ खांब, १ घट, असे सहा वेळा. (१२)
फेरी २० : सहा घटी. (६)

वीतभर टोक ठेवून लोकर कापा, मोठ्या सुईत ओवून उरलेल्या सहा टाक्यांतून फिरवा आणि ओढून भोक बंद करा. टोक पोटात दोन-तीनदा आरपार नेऊन कापून टाका. तळहाताने बूड थोडे चपटे केले की पिल्लू बसते.

पंख : पहिल्या दोन फेऱ्या अंगाप्रमाणेच, ६ आणि १२. लांब टोक ठेवून लोकर कापा, चकती मधोमध दुमडा आणि अकराव्या फेरीजवळ दोन्ही बाजूंना शिवा. एका पंखाला १८ टाके लागतात.

पाय : नारिंगी लोकरीच्या ४ साखळ्या घाला, परत येताना दुसऱ्या साखळीपासून ३ टाके घ्या. हे टाके खांबाचे नव्हेत. सुई साखळीत घालून लोकर ओढायची आणि तीच सुईवरच्या फासातूनही काढायची. हे एक बोट झाले. लोकर न कापता आणखी दोन बोटे करा. तीन बोटांचा एक पाय. दोन्ही पाय बुडाला पुढच्या बाजूने पक्के शिवा.

आकडा जुळत नसेल तर

एक टाका कमी भरला तर बहुधा फेरीतला शेवटचा टाका सुटलेला असतो. एक जास्त झाला तर एकाच घरात दोनदा सुई गेलेली असते. टाक्यांत मोठी भोके दिसत असतील तर सुई जाड आहे, थोडी बारीक घ्या. सुई आत शिरतच नसेल तर लोकर फार आवळून धरली जात आहे, बोटावरचा वेढा सैल करा.

क्रोशात एक मोठी सोय आहे. दोन सुयांच्या विणकामात सुईवर रांगेने टाके असतात, एक निसटला की खालपर्यंत ओघळतो. क्रोशात सुईवर एकच फास असतो. सुई काढा, लोकर ओढा, चुकलेल्या जागेपर्यंत उसवा आणि तिथून पुन्हा सुरू करा. लोकर वाया जात नाही.

बाळाच्या हाती देण्याआधी

तान्ह्या बाळाची प्रत्येक वस्तू आधी तोंडात जाते. म्हणून डोळ्यांना मणी, बटण किंवा डिंकाने चिकटवायचे तयार डोळे लावू नयेत. असा मणी सुटून घशात अडकला तर बाळाचा श्वास कोंडतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी दोऱ्याने भरलेले डोळेच बरे. पोटात तांदूळ, राई किंवा डाळ भरू नये. टाका फाटला की दाणे बाहेर येतात. पंख आणि पाय जोर लावून ओढून पाहावेत, हलले तर पुन्हा शिवावेत.

पिल्लू पाळण्यावर टांगायचे असेल तर दोरी आखूड ठेवा आणि बाळ हात लांब करून ती पकडू लागले की काढून घ्या. दोरी गळ्यात अडकू शकते. वर्षाखालचे बाळ झोपले असताना त्याच्या तोंडाजवळ मऊ खेळणे ठेवू नये, मग ते कितीही प्रेमाने विणलेले असो. जागेपणी मात्र खुशाल द्यावे. मळले की साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुऊन, पिळून, वाऱ्यावर वाळवावे.

आणखी एक मोजणी

एक पिल्लू झाले की शेजारीण म्हणते, "मलाही एक करून दे." दुकानदार पाहतो आणि म्हणतो, "पन्नास करून देता का?" अशी भरीव खेळणी आता अमिगुरुमी या जपानी नावाने विकली जातात आणि त्यांना मागणीही आहे. दोन सुयांच्या विणकामाला यंत्रे कधीच आली, पण क्रोशाचे काम बाजारात येते ते हातानेच झालेले. म्हणून त्या हाताचा दर ठरवताना गप्प बसू नये.

क्रोशावर संसार चालल्याची उदाहरणे जुनी आहेत. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने हात दिला. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातले नरसापूर या लेससाठी प्रसिद्ध आहे. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायकांना ही कला शिकवली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचे या बायकांवरचे पुस्तक १९८२ साली निघाले. लेस परदेशच्या बाजारात जात होती, बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कोणी म्हणत नव्हते. त्या घरी बसलेल्या बायका आणि त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असे धरले गेल्यामुळे मजुरी अगदी थोडी राहिली, हे त्यांनी दाखवून दिले. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घरी बसून दुसऱ्यासाठी केलेले काम हेही मजुरीचेच काम आहे, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ सालच्या १७७ क्रमांकाच्या करारात मान्य झालेले आहे.

तेव्हा टाके मोजता तसे तासही मोजा. विणायला बसताना आणि उठताना घड्याळ पाहून वहीत वेळ लिहा. कामाआधी आणि कामानंतर लोकर वजन करून पाहा, म्हणजे एका पिल्लाला किती लागली ते कळेल. समजा तुम्हाला अडीच तास लागले आणि तासाचे ६० रुपये धरले, तर नुसती मजुरी १५० रुपये होते. लोकर, फायबर आणि दोरा वेगळे. शेजारणीला प्रेमाने द्यायचे असेल तर फुकट द्या, ती आपली खुशी. पण विकायचे असेल तर आधी हा हिशेब मांडा.

दुकानदाराची मागणी घेताना चार गोष्टी विचारा : लोकर कोण देणार, नगाला दर काय, नापसंत नगाचे पैसे कोण सोसणार आणि रक्कम कोणत्या तारखेला मिळणार. उत्तरे त्याच्यासमोरच वहीत लिहून घ्या. दर परवडत नसेल तर नाही म्हणता येते, आणि आकडे हातात असले की नाही म्हणणे सोपे जाते.

पहिल्या पिल्लाला तुम्हाला तीन दिवस लागतील, तिसऱ्याला एक दुपार. घरात आठ-दहा वर्षांची मुले असतील तर मुलगा-मुलगी असा भेद न करता दोघांनाही शेजारी बसवा. टाके मोजायचे आणि वहीत बरोबरची खूण करायची, हे काम त्यांच्याकडे द्या. उजळणी होईल आणि आईच्या कामाला किती वेळ लागतो तेही त्यांना कळेल.